डोक्यावरचा पदर परिषदेने उतरवला नाही

‘दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकणं बंद केलं,’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की तपासायला कुणी जातच नाही. ही परिषद म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची रोममधली सभा; ती १९६२ ते १९६५ चालली. तिच्या १६ दस्तऐवजांत पदराचा किंवा जाळीच्या ओढणीचा विषयच नाही.

नियम होता तो कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, १९१७च्या धर्मसंहितेत, कलम १२६२: पुरुषांनी डोकं उघडं ठेवावं, स्त्रियांनी झाकावं. १९८३च्या नव्या संहितेने जुनी रद्द केली आणि हे कलम नव्यात घेतलंच नाही. त्याआधी १९७६ साली रोमच्या एका निवेदनाने ही प्रथा आता बंधनकारक नसल्याचं म्हटलं होतं. युरोप-अमेरिकेतल्या बायका मात्र साठच्या दशकातच, फॅशन बदलली तशा, उघड्या डोक्याने येऊ लागल्या होत्या. कायदा मागून आला! बंदी तर आजही नाही; मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, पदर घेणारीला हटकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उलट दाराशी पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करणं टिकलं. माझ्या मते कारण साधं आहे: त्याला वेगळं वस्त्र लागत नाही, आणि कडेवरच्या पोराचा हात धरून आई ते शिकवून मोकळी होते.