सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची फिजिओथेरपी आणि हालचालीचा आधार

सेरेब्रल पाल्सीला सगळे नुसतं सीपी म्हणतात, सरकारी कागदावर 'मेंदूचा पक्षाघात' असं लिहिलेलं असतं आणि आमच्या सांगली जिल्ह्यात अजूनही कितीतरी घरांत अशा मुलाला बघून 'पोलिओ झालाय का?' असं विचारतात. पोलिओ हा वेगळा रोग, त्यात मज्जारज्जूतल्या पेशी मरतात आणि पाय लुळा पडतो. सीपीमध्ये पाय, हात, स्नायू मुळात चांगले असतात पण बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूला इजा झालेली असते त्यामुळे स्नायूंना हुकूम नीट पोचत नाही. ती इजा पुढे वाढत नाही, हे नीट लक्षात ठेवायचं, पण मूल वाढतं, हाडं लांब होतात आणि ताठ स्नायू त्या वेगानं लांब होत नाहीत, म्हणून तिसऱ्या वर्षी सरळ होणारा गुडघा दहाव्या वर्षी सरळ होत नाही असं होऊ शकतं. थेरपीचं अर्धं काम इथंच आहे. दर हजार जन्मांमागे साधारण २ ते ३ मुलांना सीपी असतो.

कारणं बरीच आहेत. सातव्या महिन्यात जन्मलेलं, काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ, जन्मल्यावर लगेच न रडलेलं बाळ, कावीळ खूप वाढलेलं बाळ, मेंदूज्वर झालेलं बाळ, आणि कधीकधी काहीच कारण सापडत नाही. आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून होत नाही, आणि हे सासूबाईंच्या समोर डॉक्टरांनी मोठ्यानं सांगावं असं मला फार वाटतं. बहुतेक मुलांचं, म्हणजे शंभरात ऐंशीच्या आसपास मुलांचं, अंग ताठ असतं, त्याला स्पास्टिक म्हणतात. एकाच बाजूचा हात-पाय असेल तर हेमिप्लेजिया, मुख्य त्रास पायांचा असेल तर डायप्लेजिया (वेळेआधी जन्मलेल्या मुलांत हा जास्त दिसतो), चारही हातपाय असतील तर क्वाड्रिप्लेजिया. काही मुलांचे हातपाय आपोआप वळत राहतात, त्यांच्यात जन्मावेळच्या तीव्र काविळीचा इतिहास बऱ्याचदा सापडतो. तोल जाणारी मुलं कमी.

उशीर होतो तो ओळखण्यात. चार महिने झाले तरी मान धरत नाही, मुठी कायम मिटलेल्या आणि अंगठा आत, लंगोट बदलताना पाय उघडत नाहीत, उभं धरलं की पायांची कात्री होते आणि चवडे टेकतात, किंवा वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरायला लागतं (घरचे कौतुकानं म्हणतात डावखुरा होणार), यातलं काही दिसलं की दाखवायचं. पण आपल्याकडे 'याचा मामा पण उशिराच चालला' या एका वाक्यावर वर्ष दीड वर्ष जातं, मधे एखादी मालिशवाली, एखादा देवऋषी होतो. आता चांगल्या ठिकाणी पाच-सहा महिन्यांच्या आतसुद्धा बाळाच्या हालचाली बघून आणि तपासणी करून सीपीची शक्यता सांगता येते, आणि पक्कं निदान व्हायच्या आधीच थेरपी सुरू करतात, कारण लहान मेंदू शिकायला सगळ्यात तयार असतो.

थेरपी म्हणजे नक्की काय

लंडनच्या विल्यम लिटल या सर्जननं १८६१ मध्ये अवघड बाळंतपण आणि मुलांचं ताठ अंग यांचा संबंध मांडला, म्हणून पुढं बरीच वर्षं याला लिटलचा आजार म्हणायचे. जर्मनीतून लंडनला आलेल्या बर्टा आणि कारेल बोबाथ या जोडप्यानं १९४० च्या दशकात मुलाला विशिष्ट पद्धतीनं धरून, वळवून ताठपणा कमी करायची पद्धत काढली आणि ती जगभर पसरली, आपल्याकडच्या फिजिओंनी पण तीच शिकली. भारतात मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, तिथून शिक्षण आणि थेरपी एका छताखाली ही कल्पना रुजली.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र विचार बराच बदललाय. मुलाला गादीवर झोपवून थेरपिस्टनं हातपाय ताणायचे आणि मुलानं रडायचं, हे चित्र अजून खूप ठिकाणी दिसतं, पण नुसतं हातानं ताणून स्नायू कायमचा लांब होतो असा पुरावा मिळालेला नाही. पुरावा आहे तो मुलानं स्वतः केलेल्या हालचालीला, तेही त्याला हव्या असलेल्या एखाद्या कामासाठी, आणि पुन्हा पुन्हा. म्हणजे 'गुडघा सरळ करणे' हे ध्येय धरायचं नाही, 'पाटावरून उठून दारातल्या कुत्र्यापर्यंत जाणे' हे धरायचं. एका हाताचा त्रास असेल तर चांगल्या हाताला रोज काही तास मोजा घालून दुसऱ्या हाताला कामाला लावतात, किंवा दोन्ही हातांची कामं देतात, कणीक तिंबणं, डबा उघडणं, भुईमुगाच्या शेंगा टोपलीत टाकणं. तासगावकडे ताटभर बेदाणे पसरून एकेक वेचायला देतात, खेळ पण होतो आणि चिमूट पण सुधारते, फक्त ज्याला गिळताना ठसका लागतो त्याच्या हातात बेदाणे द्यायचे नाहीत.

आठवड्यातून दोनदा पाऊण तास सेंटरला आणि बाकीचा सगळा आठवडा घरात, हा हिशोब एकदा मांडून बघितला की कळतं खरी थेरपी कुठं होते ते. आपल्या जुन्या सवयींतल्या काही तर इतक्या कामाच्या आहेत! मुलाला कडेवर घेणं बघा. दोन्ही पाय आईच्या कमरेच्या दोन बाजूंना पसरलेले, म्हणजे कात्री आपोआप उघडते, पाठ सरळ, मान वर, दोन्ही हात मोकळे आणि जग डोळ्यांसमोर. याउलट दोन्ही हातांवर आडवं घेऊन फिरलं की मूल मागं ताठ फेकलं जातं आणि त्याला फक्त छत दिसतं. जेवण भरवताना पण तेच, मांडीवर आडवं टाकून मान मागं करून वाटीनं दूध ओतणं धोक्याचं, ते श्वासनलिकेत जातं. बसवून, हनुवटी किंचित खाली, आणि चमचा समोरून.

बसायचा तोल नसेल तर सगळ्यात स्वस्त खुर्ची म्हणजे घराचा कोपरा. दोन भिंती जिथं मिळतात तिथं सतरंजी टाकायची, मुलाची पाठ कोपऱ्यात, खांदे भिंतींमुळे आपोआप पुढं येतात. जुन्या पँटच्या पायात शाळू किंवा वाळू भरून दोन्ही टोकं शिवायची आणि तो लोड मांड्यांच्या मधे ठेवायचा म्हणजे पाय जवळ येत नाहीत. पुढं पाट, पाटावर डबडं आणि चमचा. पहिल्या दिवशी मूल दोन मिनिटांत एका बाजूला कलंडतं, उचलून परत बसवायचं, आठवड्यानं पाच मिनिटं होतात. सुतार ओळखीचा असेल तर हाच कोपरा प्लायवूडमध्ये करून घेता येतो, खाली चाकं लावली की चुलीपाशी, अंगणात कुठंही.

साधनं

आपला लाकडी पांगुळगाडा सगळ्यांना माहितेय, तीन चाकं, धरायला दांडी, मूल मागून ढकलतं. सीपीच्या मुलाला बहुतेक वेळा हा चालत नाही, कारण ते आधीच पुढं वाकलेलं असतं, गाडा पुढं पळतो आणि मूल त्याच्यावर लोंबकळतं. म्हणून त्यांना उलटा वॉकर देतात, सांगाडा पाठीमागं आणि पुढची बाजू मोकळी, त्यामुळे पाठ सरळ ठेवावी लागते आणि समोरच्याशी हात मिळवता येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं उलटा धरलाय.

पायातल्या प्लॅस्टिकच्या स्प्लिंटला एएफओ म्हणतात, गुडघ्याखालून तळव्यापर्यंत, घोट्याला काटकोनात धरून ठेवतो, टाच टेकवतो. हा मापानंच करावा लागतो आणि मूल वाढलं की बदलावा लागतो. आत सुती मोजा, सुरकुती न पडता ओढलेला, आधी टाच पूर्ण मागं बसवून घोट्यावरचा पट्टा आवळायचा आणि मग वरचा. काढल्यावर कातडी बघायची, लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट टोचतोय, मूल खोटं रडत नसतं. एप्रिल-मे मधे घाम येऊन पुरळ उठतं त्यामुळे मोजे दिवसातून दोनदा बदलायचे. उभं राहता न येणाऱ्या मुलांसाठी स्टँडिंग फ्रेम असते, रोज पाऊण-एक तास पट्ट्यांनी उभं केलं की हाडांवर वजन पडतं, आणि मूल ओट्याच्या उंचीवर येतं, घरातल्या गप्पांत येतं, हे मला हाडांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

'चालेल का?'

प्रत्येक बाप हाच पहिला प्रश्न विचारतो. याचं बरंचसं खरं उत्तर आता देता येतं. १९९७ मध्ये कॅनडात जीएमएफसीएस नावाची पाच पातळ्यांची मोजपट्टी तयार झाली. पहिल्या पातळीचं मूल आधाराशिवाय चालतं, पळतं, दुसऱ्याचं चालतं पण जिना किंवा लांब अंतराला त्रास, तिसऱ्याला वॉकर किंवा काठ्या लागतात, चौथ्याला बहुतेक ठिकाणी चाकाची खुर्ची, पाचव्याला मान सांभाळायलाही आधार. दोन वर्षांपर्यंत स्वतः बसायला लागलेलं मूल पुढं चालण्याची शक्यता चांगली असते. पातळी सहसा फारशी बदलत नाही, म्हणून चौथ्या पातळीच्या मुलाला 'वर्षात पळवतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहायचं. स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनसाठी जमीन विकलेली घरं आहेत, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सीपीसाठी ते संशोधनाच्या बाहेर उपचार म्हणून देताच येत नाही.

ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती म्हणजे खुबा. ताठ स्नायू मांडीचं हाड वाटीतून हळूहळू बाहेर ओढतात, सुरुवातीला काही दुखत नाही. ऑस्ट्रेलियातल्या २००६ च्या अभ्यासात साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांचा खुबा सरकलेला आढळला, पहिल्या पातळीत जवळजवळ कुणाचाच नाही आणि पाचव्या पातळीत नव्वद टक्क्यांचा. स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून सीपीच्या सगळ्या मुलांचे ठरावीक काळानं एक्सरे काढायला सुरुवात केली आणि पूर्ण निखळणारे खुबे जवळजवळ संपवले. एक साधा एक्सरे! थेरपिस्टनं विचारला नाही तर आईबापानी विचारायचा. बोटॉक्सचं इंजेक्शन ताठपणा तीन-चार महिने कमी करतं, त्या काळात व्यायाम आणि स्प्लिंट केले तरच पैसे सार्थकी लागतात.

सांगली-मिरजेकडे

मिरज हे १८९४ च्या वान्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातून पण पेशंट येतात, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्यामुळे मेंदूचे, हाडांचे, मुलांचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर. अडचण जत, आटपाडीकडच्या आईची. ताठ मूल मांडीवर घेऊन एसटीनं दोन तासांच्या वर, थेरपी पाऊण तास, परत तेवढंच, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. ऊसतोडीला गेलेल्या घरात तर सहा महिने खंड. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा येऊन घरी करायचे तीनच व्यायाम नीट शिकवून, आईच्याच मोबाईलवर तिच्याच मुलाचा व्हिडिओ काढून देणारा फिजिओ हजार पटीनं बरा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक (२०१३ पासून) वर्षातून दोनदा येतं, त्यांना मूल मुद्दाम दाखवायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सीपी स्पष्ट नावानं आहे, चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं की एसटीची सवलत, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा आणि दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची सीपी खुर्ची, या सगळ्याला तेच लागतं.

मूल दहा-बाराचं झालं की वजन वाढतं आणि आईची कंबर जाते. तोपर्यंत उचलून नेणं हीच सगळ्या घराची पद्धत झालेली असते म्हणून चाकाची खुर्ची आणणं म्हणजे हार मानली असं वाटतं, आणि खुर्ची आली तरी ती उंबऱ्यावर अडते. रॅम्पचा नियम सोपा आहे, एक इंच उंचीला एक फूट लांबी. सांगलीत नदीकाठच्या भागात २००५ आणि २०१९ च्या महापुरानंतर लोकांनी जोती उंच केली, दोन फुटाचं जोतं म्हणजे चोवीस फूट रॅम्प, एवढं अंगण कुणाकडं असतं, म्हणून तो मधे वळवून दोन टप्प्यांत करावा लागतो आणि वळणावर खुर्ची फिरायला पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा सोडावी लागते. घर बांधताना किंवा जोतं वाढवताना गवंड्याला हे आधी सांगितलं तर खर्च थोडाच वाढतो, नंतर फोडून करायला मात्र कुणी तयार होत नाही.