पहिल्याच सीझनवरून रूकीला (पहिल्या वर्षाच्या खेळाडूला) बस्ट, म्हणजे फुकट गेलेली निवड, ठरवायची घाई कुठून आली?

स्कूट हेंडरसन या खेळाडूवरून एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या पोर्टलंडच्या फॅन्समध्ये २०२३-२४ ला जो वाद पेटला तो समजून घ्यायचा तर आधी परिस्थिती बघा. २०२३ च्या ड्राफ्टमधला (टीम्स क्रमाने नवे खेळाडू निवडतात तो) तिसरा पिक, म्हणजे तिसऱ्या नंबरवर निवडलेला, वय १९, आणि सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधी टीमने डेमियन लिलार्डला मिलवॉकीला ट्रेड केलेलं, म्हणजे अकरा सीझन ज्याच्या हातात बॉल होता त्याची जागा आता या पोराने घ्यायची अशी सगळ्यांची अपेक्षा. सीझन संपला तेव्हा मॅचला १४ पॉइंट आणि ५.४ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), पण शूटिंग जेमतेम ३८.५ टक्के, आणि टीम २१ जिंकली ६१ हरली. वरचा पहिला पिक वेम्बान्यामा २१.४ च्या अ‍ॅव्हरेजने रूकी ऑफ द इयर, दुसरा पिक ब्रँडन मिलर १७.३. मग काय, अर्धे म्हणाले संपलं, हा बस्ट आहे, आणि उरलेले म्हणाले जरा थांबा, पोरगं १९ चं आहे.

मी थांबा म्हणणाऱ्यातला आहे. पण नुसतं "वेळ द्या" म्हणून भागत नाही, हा वाद इतका लवकर आणि इतका कडवट का होतो याला कारणं आहेत आणि ती पन्नासेक वर्षं मागे जातात.

सगळ्यात मोठं कारण वय. पूर्वी एनबीएचा नियमच होता की शाळा संपल्यावर चार वर्षं गेल्याशिवाय लीगमध्ये यायचं नाही. करीम अब्दुल जब्बार (तेव्हाचा ल्यू अल्सिंडर) १९६९ मध्ये आला तो २२ वर्षांचा, कॉलेज पूर्ण करून, आणि पहिल्याच सीझनला २८.८ पॉइंट. लॅरी बर्ड १९७९ मध्ये आला तोही २२ चा. स्पेन्सर हेवूड या चार वर्षांच्या नियमाविरुद्ध कोर्टात गेला आणि १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन जिंकला, तिथून दार किलकिलं झालं. १९७५ ला डॅरिल डॉकिन्स शाळेतून थेट आला, पण त्यानंतर ही वाट जवळजवळ बंदच पडली होती, ती पुन्हा उघडली १९९५ ला केव्हिन गार्नेटने. मग रांगच लागली, १९९६ ला कोबी, जर्मेन ओनील, १९९७ ला मॅकग्रेडी.

आता यांचे पहिले सीझन बघा. कोबी ७.६ पॉइंट, आणि १९९७ च्या प्लेऑफमध्ये युटाविरुद्ध शेवटच्या मॅचमध्ये ऐन मोक्याच्या वेळी चार एअरबॉल, म्हणजे बॉल रिंगलाही लागला नाही. मॅकग्रेडी ७ पॉइंट. जर्मेन ओनील तर चार वर्षं पोर्टलंडच्याच बेंचवर बसून राहिला, २००० मध्ये त्यांनी त्याला इंडियानाला देऊन टाकलं आणि तिथे तो सहा वेळा ऑलस्टार झाला. पोर्टलंडच्या जुन्या फॅन्सना हे अजून बोचतं, आणि स्कूटच्या बाबतीत त्यातले काही जण इतक्या जिवावर येऊन का भांडतात ते मला इथे समजतं.

म्हणजे खेळाडू तीन वर्षं लवकर येऊ लागले, पण फॅन्सच्या डोक्यातला टॉप पिक तोच राहिला, आला की पहिल्या दिवसापासून २० पॉइंट मारणारा. लिलार्डचंच उदाहरण घ्या, पोर्टलंडमध्ये स्कूटची तुलना सतत त्याच्याशीच व्हायची. लिलार्ड पहिल्या सीझनला १९ पॉइंट मारून रूकी ऑफ द इयर झाला हे खरं, पण तो वेबर स्टेटला चार वर्षं काढून आला होता आणि पहिली मॅच खेळला तेव्हा २२ चा होता. स्कूट २२ चा झाला फेब्रुवारी २०२६ मध्ये. ही एक गोष्ट लक्षात ठेवली असती तरी निम्मी भांडणं झालीच नसती असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण फारसं कोणी बोलत नाही, ते म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. १९९४ चा पहिला पिक ग्लेन रॉबिन्सन याने खेळायच्या आधीच १० वर्षांचं ६ कोटी ८० लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं, मालक मंडळी हादरली आणि १९९५ पासून रूकींचे पगार पिकच्या नंबरप्रमाणे बांधून टाकले. पुढे लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २००५ च्या करारात ते असं झालं की पहिल्या राउंडच्या पिकची फक्त दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं वर्ष ठेवायचं की नाही ते टीमच्या हातात. आणि तिसऱ्या वर्षाचा निर्णय कधी घ्यायचा? दुसरा सीझन नुकताच सुरू झालेला असतो तेव्हा, ऑक्टोबरअखेर. म्हणजे टीमकडे पुरावा काय तर एकच सीझन! टॉप पिकला टीम सहसा सोडत नाही, स्कूटलाही नाही सोडलं, पण ही तारीख डोक्यावर असली की पेपरवाले, पॉडकास्टवाले, फॅन्स सगळेच एका वर्षात निकाल लावायला बसतात. त्याच २००५ च्या करारात वयाची अट १९ वर आली, म्हणजे ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण व्हायला हवीत आणि शाळेनंतर एक वर्ष थांबायचं, ती अजून तशीच आहे.

ती अट येण्यामागेही दोन गाजलेले पिक होते असं मानलं जातं. २००१ चा पहिला पिक क्वामी ब्राउन, शाळेतून थेट येऊन पहिला पिक झालेला पहिलाच मुलगा, त्याला निवडणारा खुद्द मायकल जॉर्डन, आणि पहिल्या सीझनला ४.५ पॉइंट. आणि २००३ चा दुसरा पिक डार्को मिलिचिच, लेब्रॉननंतर आणि कार्मेलो, बॉश, वेड यांच्या आधी. डार्को ड्राफ्टच्या आठवड्यात १८ चा झाला होता आणि गेला डेट्रॉइटला, जी टीम आदल्याच वर्षी ५० मॅचेस जिंकलेली, कोच लॅरी ब्राउन, नवख्या पोरांना कोर्टवर सोडायला नाखूश. पहिल्या सीझनला १.४ पॉइंट. टीम २००४ ला चॅम्पियन झाली, हा बेंचवर.

पण त्याच टीमचा फायनल्स एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) कोण होता? चॉन्सी बिलअप्स. १९९७ चा तिसरा पिक, ज्याला बॉस्टनने ५१ मॅचेसमध्ये काढून टाकलं, रूकी सीझन संपायचीसुद्धा वाट बघितली नाही, मग टोरांटो, डेन्व्हर, मिनेसोटा असं फिरत फिरत पाच वर्षांनी तो डेट्रॉइटला पोचला. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. आणि स्कूटच्या रूकी सीझनला पोर्टलंडचा कोच हाच बिलअप्स, तोही पॉइंट गार्ड (बॉल हातात घेऊन टीमचा खेळ चालवणारा), तोही तिसराच पिक.

पॉइंट गार्डचा मुद्दा वेगळा सांगायला हवा कारण सगळ्यात जास्त मार याच पोझिशनला बसतो. बिग मॅनला (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) बाकी फार काही येत नसलं तरी रिबाउंड, ब्लॉक, डंक यावर पहिलं वर्ष निघतं. गार्डला पहिल्या दिवसापासून पूर्ण टीम चालवायची असते, आणि शॉट विश्वासाचा नसेल तर डिफेंडर स्क्रीनच्या (सहकारी वाटेत उभा राहून करतो त्या आडोशाच्या) खालून जातो, आत रिंगजवळ गर्दी होते, पास द्यायला जागा राहत नाही, टर्नओव्हर (बॉल गमावणं) वाढतात. कॉलेजला ३५ च्या आसपास मॅचेस असतात, इथे ८२, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत पाय जड होतात, फॅन्स ज्याला रूकी वॉल म्हणतात ते हेच.

आता २०१३ चा ड्राफ्ट, कारण दोन्ही बाजूंचे लोक पुरावा म्हणून शेवटी इथेच येतात. पहिला पिक अँथनी बेनेट, ड्राफ्टच्या आधी खांद्याचं ऑपरेशन झाल्याने समर लीग हुकलेली, पहिला बास्केट पडायच्या आधी डझनाहून जास्त शॉट वाया गेले, सीझनला ४.२ पॉइंट. चार सीझनमध्ये एनबीएमधून बाहेर. त्याच्या बाबतीत शंका घेणारे बरोबर ठरले, मान्य. पण त्याच ड्राफ्टचा रूकी ऑफ द इयर मायकल कार्टर-विल्यम्स, पहिल्याच मॅचमध्ये मायामीविरुद्ध २२ पॉइंट, १२ असिस्ट, ९ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले बॉल), सीझनभर १६.७ पॉइंट, तोही पुढे कधी तिथपर्यंत पोचला नाही, फिलाडेल्फियाने त्याला दुसऱ्याच सीझनला ट्रेड करून टाकलं. आणि पंधरावा पिक, ग्रीसच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून आलेला, १८ वर्षांचा यानिस, रूकी सीझनला ६.८ पॉइंट. मिलवॉकी त्या वर्षी १५ जिंकली ६७ हरली, कोणाचं लक्षच नव्हतं, निवांत चुका करता आल्या. २०१९ आणि २०२० ला एमव्हीपी, २०२१ ला चॅम्पियन. २७ वा पिक रूडी गोबेर, २.३ पॉइंट, पुढे चार वेळा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. योगायोग असा की खेळाडूची प्रत्येक हालचाल टिपणारे कॅमेरे सगळ्या अरेनांमध्ये बसले तेही त्याच २०१३-१४ ला, म्हणजे जो सीझन आकड्यांवरून माणूस ओळखू नका हे सर्वात जास्त शिकवतो, त्याच सीझनपासून फॅन्सच्या हातात आकड्यांचा ढीग आला.

आपल्याकडे याची एक बाजू प्रत्यक्ष पोचली होती. ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियानाच्या दोन मॅचेस झाल्या, सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचेच. त्या टीममध्ये मार्विन बॅगली होता, २०१८ चा दुसरा पिक, ज्याच्यासाठी त्यांनी लुका डॉन्चिचला सोडलं. बॅगलीने पहिल्या सीझनला १४.९ पॉइंट मारले होते, वाईट अजिबात नाही, पण त्याच्या खेळाकडे बघायच्या ऐवजी सगळे लुकाकडे बोट दाखवत राहिले. पिकचा नंबर असा आयुष्यभर चिकटतो, त्यात त्या पोराचा काय दोष?

आता वयाचं चित्र थोडं बदलतंय. २०२१ पासून अमेरिकन कॉलेजच्या खेळाडूंना नावाचे, जाहिरातीचे पैसे घ्यायची परवानगी मिळाली, त्यामुळे दुसऱ्या फळीतली बरीच पोरं घाई न करता कॉलेजमध्येच थांबतायत, आणि एनबीएच्या खालच्या जी लीगमधल्या ज्या इग्नाइट टीममधून स्कूट आला ती याच कारणाने २०२४ ला बंद झाली. अगदी वरचे मात्र अजूनही कोवळेच येतात, २०२५ चा पहिला पिक कूपर फ्लॅग डॅलससाठी पहिली मॅच खेळला तेव्हा १८ चा होता आणि टीमने त्याला थेट पॉइंट गार्ड म्हणून उतरवलं.