उन्हाळ्यात ट्राउट खोल जातो तेव्हा

उत्तर गोलार्धातल्या थंड सरोवरांवर बर्फ वितळला की काही आठवडे ट्राउट हा थंड पाण्यातला मासा अगदी काठाजवळ फिरतो. जुलै उजाडला की त्याच काठावर दिवसभर गळ टाकून बसलं तरी दोरी हलत नाही. मासा तिथेच असतो, फक्त खाली उतरलेला असतो. होडी, वजन, तार, चमच्यासारखं धातूचं आमिष ही उन्हाळी मासेमारीची सगळी सामग्री त्या खोलीच्या शोधातून घडत गेली.

मासा खाली का जातो, याचं मूळ पाण्याच्या एका गुणात आहे. गोडं पाणी साधारण ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. उन्हाने तापलेलं वरचं पाणी हलकं होऊन वरच तरंगतं, वारा तेवढंच घुसळतो आणि तळाचं थंड पाणी महिनोन्‌महिने वर येत नाही. दोन्हींच्या मधे एक पट्टा असतो, जिथे थोड्याशा खोलीत तापमान झपाट्याने उतरतं. फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल यांनी जिनिव्हा सरोवराचा अभ्यास करून सरोवरविज्ञानाचा पाया घातला. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सरोवरांवर काम करणाऱ्या एडवर्ड बर्ज यांनी १८९७ मध्ये या पट्ट्याला थर्मोक्लाइन हे नाव दिलं.

ट्राउटला हा पट्टा जीवनमरणाचा असतो. रेनबो ट्राउटला १२ ते १६ अंशांचं पाणी मानवतं, लेक ट्राउटला १० अंशांच्या आसपासचं. पाणी २५ अंशांकडे सरकलं की ब्राउन ट्राउटचा जीव धोक्यात येतो. शिवाय पाणी तापतं तसा त्यात विरघळलेला ऑक्सिजन घटतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, २५ अंशांना जेमतेम ८. मग मासा थेट तळाशीच का जात नाही? ज्या सरोवरांत शेवाळ फार असतं, तिथे ते मरून तळाशी कुजतं आणि खालचा ऑक्सिजन संपवून टाकतं. अशा ठिकाणी ट्राउट वरची उष्णता आणि खालची घुसमट यांच्यामधल्या पट्टीत अडकतो. खोल, स्वच्छ सरोवरात मात्र त्याला तळापर्यंत मोकळीक असते.

हे शास्त्र लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधी नावाड्यांनी ते हाताने ओळखलं होतं. इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवरात ट्राउटचा भाऊबंद असलेला ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा पकडण्याची जुनी पद्धत याचा उत्तम पुरावा आहे. होडीच्या दोन्ही बाजूंना लांब काठ्या, टोकाला घंटी, प्रत्येक काठीला एक मुख्य दोरी आणि तिच्या तळाशी जड शिसं. या दोरीला ठरावीक अंतरांवर बाजूच्या दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांना पितळ, तांबं किंवा चांदीच्या पातळ पत्र्याची चमकती आमिषं. नावाडी संथ वल्हवत राहायचा. कोणत्या खोलीवरच्या आमिषाला मासा लागतो, त्यावरून त्या दिवशी मासा कुठे आहे ते कळायचं. एकाच दोरीने एकाच वेळी अनेक थर चाचपायची ही कल्पना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते. जवळपास अशीच रचना न्यूयॉर्क राज्यात सेथ ग्रीन यांच्या नावाने ओळखली जाते. कॅलेडोनिया इथे १८६४ मध्ये मत्स्यबीज केंद्र उभारणारे हेच ते ग्रीन. त्या राज्यातल्या फिंगर लेक्सवर त्यांची दोरी आजही वापरली जाते.

धातूच्या चमच्यासारख्या आमिषाची गोष्ट अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या ज्युलिओ ब्यूएल यांच्याशी जोडली जाते. होडीत जेवताना हातातला चमचा पाण्यात पडला आणि बुडता बुडता एका माशाने तो गिळला, अशी आख्यायिका आहे. तिचं खरंखोटं बाजूला ठेवू, पण ब्यूएल यांनी १८५२ मध्ये आपल्या आमिषाचं पेटंट घेतलं हे नक्की. जखमी छोट्या माशासारखा लचकत, चमकत जाणारा हा पत्रा होडीमागे ओढायला फारच सोयीचा ठरला.

सगळीकडे खोलच जावं लागतं असं मात्र नाही. आयर्लंडची कॉरिब, मास्क यांसारखी सरोवरं मोठ्या भागात उथळ आहेत आणि वाऱ्याने सतत ढवळली जातात. तिथला ब्राउन ट्राउट उन्हाळ्यातही वर येऊन किडे टिपतो. तिथे होडी वाऱ्यावर आडवी सोडून देतात आणि लांब काठीवरून हलकी दोरी वाऱ्यात उडवत जिवंत किडा पाण्यावर नुसता टेकवतात. मेअखेरीस मेफ्लाय, पुढे ऑगस्टमध्ये नाकतोडे. शिसं नाही, तार नाही, सारं काम वारा करतो.

खोल पाण्यात वजनाचा प्रश्न दीर्घकाळ सुटला नव्हता. आमिष २० मीटर खाली न्यायचं तर धातूची तार किंवा शिशाचा गाभा असलेली जड दोरी लागायची. मासा लागला तरी त्याची ओढ त्या वजनात हरवून जायची. डाउनरिगरने हे कोडं सोडवलं. त्यात शिशाचा गोळा स्वतःच्या वेगळ्या तारेवर उतरतो आणि गळाची दोरी त्याला फक्त चिमट्याने अडकवलेली असते. माशाने झटका दिला की चिमटा सुटतो आणि पुढची झुंज हलक्या दोरीवर होते.

डाउनरिगरचा प्रसार उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांपैकी मिशिगन सरोवरावर झाला आणि त्यामागे एक मोठी पडझड होती. नायगाराचा धबधबा सी लॅम्प्रे या रक्तशोषक परजीवी माशाला अडवत असे. वेलंड कालव्याने त्याला वळसा घालून वाट दिली. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात सापडला आणि १९३० च्या दशकात वरच्या तिन्ही सरोवरांत (ह्युरॉन, मिशिगन, सुपिरिअर) पोहोचला. तिथे वर्षाला सुमारे ६८ लाख किलो लेक ट्राउट पकडला जायचा. अतिमासेमारीची भर पडली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा दीड लाख किलोच्याही खाली आला. १९५८ पासून लॅम्प्रेच्या अळ्या मारणारं रसायन नद्यांत वापरलं जाऊ लागलं. दरम्यान मोठे शिकारी मासे उरले नसल्याने एलवाइफ हा छोटा मासा बेसुमार वाढला होता. त्याला आवर घालायला मिशिगन राज्याने १९६६ मध्ये पॅसिफिकचा कोहो सामन (सॅल्मन) हा शिकारी मासा सोडला. पुढच्याच वर्षी हौशी मच्छीमारांची झुंबड उडाली. छोट्या होड्या घेऊन लोक खुल्या सरोवरात शिरले आणि सप्टेंबर १९६७ मधल्या एका वादळात काहींनी प्राणही गमावले. या गर्दीने खोल ट्रोलिंगची, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढण्याची, साधनं घरोघरी नेली आणि सामनसाठी घेतलेल्या डाउनरिगरवर ट्राउटही येऊ लागला.

माशांचा वेध घेणारं ध्वनियंत्र जपानच्या फुरुनो कंपनीने १९४८ मध्ये समुद्री मासेमारीसाठी बाजारात आणलं. पुढच्या दशकाअखेर त्याची छोटी रूपं हौशी होड्यांवर दिसू लागली. आता पडद्यावर थरही दिसतो, मासाही दिसतो. सोडायचाच म्हणून मासा पकडणाऱ्यांना मात्र मी उन्हाळ्यात थांबा असंच म्हणेन. १० अंशांतून ओढलेला, झुंजून थकलेला ट्राउट २२ अंशांच्या पाण्यात सोडला तर तो पोहत गेलेला दिसतो, पण पुष्कळदा जगत नाही.

खोलीचं मोल अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात वेगळ्याच रीतीने कळलं. १८९० मध्ये मिशिगन सरोवरातला लेक ट्राउट तिथल्या लुईस सरोवरात सोडला होता. १९९४ मध्ये तो शेजारच्या यलोस्टोन सरोवरात सापडला. तिथला मूळचा कटथ्रोट ट्राउट उथळ पाण्यात फिरतो आणि अंडी घालायला ओढ्यांत चढतो. त्यावर अस्वलं आणि मासेखाऊ पक्षी जगत. लेक ट्राउट कटथ्रोट खातो, स्वतः मात्र खोल राहून सरोवरातच अंडी घालतो, त्यामुळे तो अस्वलांच्या पंजात येत नाही. तिथे जाळ्यांनी लाखो लेक ट्राउट काढले गेले आणि गळाला लागलेला लेक ट्राउट परत सोडायला मच्छीमारांना मनाई आहे. त्याच लुईस सरोवरातल्या माशांची अंडी पुढे मिशिगन सरोवरात संपलेली लेक ट्राउटची मूळ जात पुन्हा रुजवण्यासाठी नेण्यात आली.