WWE कुस्तीतले अंडरटेकर आणि केन सख्खे भाऊ? छे!

ट्रम्प कार्डं खेळताना हे आपण शपथेवर सांगायचो. घराला आग लागली, धाकटा केन होरपळला, म्हणून त्याचा तो मुखवटा. सगळी पटकथा! अंडरटेकर म्हणजे मार्क कॅलवे, टेक्सासचा. केन म्हणजे ग्लेन जेकब्स, जन्म स्पेनमधला. नातं शून्य. ऑक्टोबर 1997 मध्ये केन रिंगभोवतीच्या पिंजऱ्याचं दार उखडून आत शिरला, समोर उभ्या ‘भावा’ला त्याच्याच टूमस्टोन डावाने आपटलं, तेव्हा कुठे जोडी जमायला सुरुवात झाली. त्याआधी हाच जेकब्स रिंगमध्ये दातांचा डॉक्टर बनून यायचा. ते कुणाला आठवत नाही, बरंच आहे. 2001 मध्ये दोघांनी टॅग टीमचा, म्हणजे जोडीच्या कुस्तीचा, पट्टा जिंकला. 2003 मध्ये मुखवटा उतरला, तर चेहरा धडधाकट! 2018 मध्ये हा ‘होरपळलेला’ भाऊ अमेरिकेतल्या नॉक्स काउंटीचा महापौर झाला.