कोळशाचा धूर, शेवाळाचं तेल

बेळगावशेजारच्या विजापूर जिल्ह्यातलं कुडगीचं औष्णिक वीज केंद्र २४०० मेगावॉटचं. पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला अंदाजे ५० हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. तो अडवून शेवाळाला द्यायचा आणि शेवाळातून इंधन काढायचं, ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ पर्यंत शेवाळाच्या तेलावर काम केलं.

यातलं शेवाळ म्हणजे क्लोरेलासारखं सूक्ष्म शेवाळ. एकेक पेशी डोळ्यांना दिसत नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी हिरवं होतं, तसं सगळं पाणीच हिरवं दिसतं. फूटभर खोल, लांबट हौदात चाकाने पाणी फिरतं ठेवायचं आणि गार केलेला धूर बुडबुड्यांनी सोडायचा. धुरातलं गंधक आधी काढावं लागतं, नाहीतर पाणी आम्लधर्मी होऊन शेवाळाची वाढ खुंटते. एक किलो सुकं शेवाळ तयार होताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड वापरला जातो.

खरी गोम तेलात आहे. नायट्रोजन भरपूर मिळाला की शेवाळ झपाट्याने वाढतं, पण तेल कमी साठवतं. नायट्रोजन तोडला की पेशी तेल साठवू लागते, पण वाढ मंदावते. एकाच वेळी दोन्ही हाती लागणं कठीण. शिवाय उघड्या हौदात लिटरभर पाण्यात सुकं शेवाळ जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम. म्हणजे एका किलोसाठी हजार-दोन हजार लिटर पाणी उपसून गाळायचं, मग ते सुकवायचं. इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा इथेच खर्ची पडतो.

आता जागा बघा. चांगल्या उन्हात चौरस मीटरला दिवसाला २० ग्रॅम शेवाळ धरलं, तर कुडगीचा सगळा धूर पचवायला सुमारे १४०० चौरस किलोमीटर हौद लागतील. बेळगाव जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाएवढी जमीन! आणि रात्री शेवाळ कार्बन घेत नाही, चिमणी मात्र चालूच असते. शेवटी ते इंधन गाडीत जळलं की तोच कार्बन पुन्हा हवेत. फायदा होतो तो तेवढं खनिज डिझेल वाचल्याचा. कोळशाचं पाप त्याने फिटत नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्या भागाने सुरुवात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीपासून करावी. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२ ते १५ टक्के असतो. मळी आंबवताना टाकीतून निघणारा वायू मात्र जवळपास शुद्ध. एक लिटर इथेनॉलमागे साधारण पाऊण किलो. सुकवायला बॉयलरची वाया जाणारी उष्णता तिथेच आहे. आधी इंधनाचा हट्टही नको, पशुखाद्याला चालणारं प्रथिन निघालं तरी पुरे.

निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावातच आहे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठही (व्हीटीयू) इथेच. एखाद्या डिस्टिलरीच्या आवारात अर्ध्या एकराचा हौद वर्षभर चालवून बघावा. जून ते सप्टेंबर बेळगावात ऊन फारसं दिसत नाही. त्या दिवसांत रोजचं उत्पन्न कितीवर येतं, हा आकडा सगळ्यात आधी हवा.