राइशवेर

राइशवेर : पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीचे, म्हणजे वायमार प्रजासत्ताकाचे, सैन्य. मार्च १९१९ मध्ये ते तात्पुरते म्हणून उभे राहिले, १९२१ मध्ये कायम झाले आणि १९३५ मध्ये त्याचे ‘वेरमाख्ट’ असे नामांतर झाले. त्यात भूदल आणि नौदल होते. हवाईदल ठेवायला मनाई होती.

ही मनाई व्हर्सायच्या तहाची, म्हणजे युद्धानंतर जेत्यांनी जर्मनीवर लादलेल्या तहाची. भूदल १ लाखाचे, त्यात अधिकारी फार तर ४,०००. नौदल १५,००० चे. सात पायदळ आणि तीन घोडदळ डिव्हिजन. रणगाडे, लढाऊ विमाने, पाणबुड्या, विषारी वायू यांपैकी काहीही नाही. सक्तीची भरती बंद झाली. सैनिकाने १२ वर्षे आणि अधिकाऱ्याने २५ वर्षे नोकरी केलीच पाहिजे, असेही कलम होते. नेपोलियनने घातलेली ४२,००० ची मर्यादा प्रशियाने एकेकाळी फिरत्या भरतीने चुकवली होती; माणसे शिकवून घरी पाठवायची आणि नवी घ्यायची. ती वाट या कलमाने बुजवली.

पण बारा वर्षे हाताशी असलेल्या माणसाला पुष्कळ शिकवता येते. १९२० ते १९२६ या काळात भूदलाचे प्रमुख असलेले हान्स फॉन झेक्ट यांनी नेमके तेच केले. प्रत्येकाला त्याच्या वरच्या हुद्द्याचे काम यायला हवे, हे धोरण ठरले. म्हणजे शिपायाला नाईकाचे आणि कॅप्टनला बटालियनचे. उद्या सैन्य कित्येक पटींनी वाढले तरी नेतृत्व तयार असावे, हा हिशेब होता. तहाने जनरल स्टाफही, म्हणजे युद्धाच्या योजना आखणारे अधिकारी मंडळही, बरखास्त केले होते. त्याचे काम ‘ट्रुपेनआम्ट’, म्हणजे ‘सैन्यदल कार्यालय’, अशा निरुपद्रवी नावाच्या पाटीमागे चालू राहिले.

रणगाड्यांचे सोंग तर उघड्यावरच चाले. लहान मोटारींवर पत्रा, लाकूड किंवा कापड चढवून ‘रणगाडे’ बनवत आणि कवायतींत फिरवत. शाळकरी मुले कापडात पेन्सिली खुपसून आत काय आहे ते बघत, अशी आठवण पुढे रणगाडा-दलाचे सेनापती म्हणून गाजलेले गुडेरियान यांनी लिहून ठेवली आहे. खरे रणगाडे आणि विमाने मात्र रशियात होती. १९२२ च्या रापालो करारानंतर दोन बहिष्कृत देशांचे सूत जुळले. लिपेत्स्क येथे १९२५ पासून वैमानिकांची शाळा चालली, तिथली फोकर विमाने हॉलंडची होती. कझानजवळ ‘कामा’ ही रणगाड्यांची शाळा उघडली. हिटलर आल्यावर, १९३३ मध्ये, दोन्ही बंद पडल्या. नौदलाने पाणबुड्यांचे आराखडे हॉलंडमधल्या एका आडोशाच्या कंपनीत चालू ठेवले. या लपवाछपवीची वाच्यता करणे महागात पडे. कार्ल फॉन ओसिएट्स्की या संपादकाला चोरट्या विमानदलावरचा लेख छापल्याबद्दल १९३१ मध्ये दीड वर्षाची कैद झाली. पुढे त्याला १९३५ चे शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा तो नाझींच्या पाळतीखाली होता.

राइशवेर ‘राजकारणाबाहेर’ असल्याचे झेक्ट सांगत. ते पुरते खरे मानता येत नाही. मार्च १९२० मध्ये राजकारणी काप आणि जनरल ल्युटव्हित्झ यांच्या बंडखोरांनी बर्लिन ताब्यात घेतले, तेव्हा संरक्षणमंत्री नोस्के यांनी सैन्य मागितले. झेक्ट यांनी जर्मन सैनिकांवर जर्मन सैनिक धाडायला नकार दिला. बंड मोडले ते कामगारांच्या सार्वत्रिक संपाने. त्यानंतर थोड्याच दिवसांत रुर भागातल्या कामगारांवर हेच सैन्य निःसंकोच चालून गेले. सैनिकांना मतदानाचा हक्क नव्हता, पण अधिकाऱ्यांच्या मनात कैसरचा, म्हणजे जर्मन सम्राटाचा, काळ घर करून होता. अखेर त्यापायीच झेक्ट यांची खुर्ची गेली: पदच्युत कैसरच्या नातवाला त्यांनी लष्करी सरावात गणवेशासह भाग घेऊ दिला, बातमी फुटली आणि ऑक्टोबर १९२६ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

त्यांच्यामागून फॉन श्लायखर यांच्यासारखे अधिकारी थेट सरकारे घडवू-मोडू लागले. श्लायखर स्वतः डिसेंबर १९३२ मध्ये चॅन्सलर झाले. ३० जून १९३४ रोजी हिटलरच्या माणसांनी त्यांना त्यांच्या घरीच, पत्नीसह, गोळ्या घातल्या. सैन्य गप्प राहिले. एसए या नाझी पक्षाच्या निमलष्करी, म्हणून सैन्याच्या प्रतिस्पर्धी, दलाचा काटा त्याच दिवशी निघत होता, हे त्यामागचे मोठे कारण. २ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग वारले आणि त्याच दिवशी सैनिकांनी थेट हिटलरच्या नावाने शपथ घेतली.

मार्च १९३५ मध्ये सक्तीची भरती परत आली, मे महिन्यात नाव बदलले. ट्रुपेनआम्टची पाटी उतरवून त्याच वर्षी जनरल स्टाफची पाटी पुन्हा लावण्यात आली. प्रमुख तेच राहिले, लुडविग बेक.