टर्कीची शिकार आणि बंदुकीवरचा कॅमेरा

१६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही नवलाची जनावरं-पाखरं आणली. त्यात टर्की या मूळच्या अमेरिकेतल्या मोठ्या पाखराचा एक नर होता. माजावर आला की त्याचं डोकं आणि मान पोवळ्यासारखी लाल होते, थोड्या वेळाने कापसासारखी पांढरी दिसते, मध्येच पिरोजी. सरड्यासारखा रंग बदलतो, असं बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. तेवढ्यावर तो थांबला नाही. बाबराने प्राण्यांची वर्णनं केली पण चित्रं काढवून घेतली नाहीत, अशी नोंद करून त्याने आपल्या चित्रकारांना कामाला लावलं. ऐकून वाटणारं नवल पाहिल्यावर आणखी वाढावं, हा त्याचा हेतू. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्या टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

अमेरिकेतल्या एखाद्या रानात झाडाला पाठ टेकून बसलेला शिकारी बंदुकीच्या नळीला मुठीत मावेल एवढा कॅमेरा लावतो, त्याच्यामागेही मला तीच ओढ दिसते. सांगून पुरत नाही, दाखवायला हवं.

टर्कीच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. वसंतातली शिकार बहुतांशी कानांनी चालते. उजाडताना झाडावर बसलेला नर खणखणीत ओरडतो. शिकारी लाकडी पेटी घासून, पाटीच्या दगडावर काडी फिरवून किंवा तोंडात धरलेल्या पातळ पडद्यातून मादीचा आवाज काढतो. निसर्गाच्या रीतीप्रमाणे मादीने नराकडे जायचं असतं. इथे नराला उलट चालत यायला भाग पाडायचं असतं. म्हणून तो मध्येच थांबतो, पिसारा फुलवून वाट बघतो, कधी तासभर तिथेच घुटमळतो. छऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला साधारण चाळीस यार्डांचा, म्हणजे पाखरू अगदी समोर यावं लागतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, नजर तीक्ष्ण, हालचाल टिपण्यात पटाईत. बोट हललं तरी खेळ संपतो. सगळी गंमत त्या तासाभरात असते आणि घरी येऊन ती सांगताना हातात उरतात फक्त पिसं.

हा खेळ आज आहे, हेच मुळात आश्चर्य. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बेसुमार शिकार आणि जंगलतोडीने रानटी टर्की बऱ्याच राज्यांतून नाहीशी झाली होती. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा मार्ग बंद झाला, त्यामुळे शिकाऱ्याच्या पैशातून पाखरू वाचतं हे मराठी वाचकाला चटकन पटत नाही. पण तिथे तसं घडलं. आधी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात टिकले नाहीत. मग दाणे टाकून रानटी थवा गोळा करायचा, बार उडवून त्याच्यावर जाळं फेकायचं आणि धरलेले पक्षी दुसऱ्या रानात नेऊन सोडायचे, ही युक्ती १९५० च्या दशकात साधली. १९७३ साली नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झालं, तेव्हा देशात सुमारे १३ लाख टर्की होत्या. पुढच्या तीसेक वर्षांत ती संख्या ६० लाखांच्या पुढे गेली. अलास्का सोडून सगळ्या राज्यांत शिकारीचा हंगाम सुरू झाला.

पाखरं परतत होती त्याच काळात कॅमेराही हलका होत होता. बंदूक आणि कॅमेऱ्याचं नातं तसं जुनं. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ साली पक्ष्यांचं उड्डाण टिपण्यासाठी चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. खांद्याला लावून नेम धरायचा, सेकंदाला १२ चित्रं. पण सामान्य शिकाऱ्याच्या हाती चालतं चित्र आलं ते १९८० च्या दशकात, खांद्यावरच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांबरोबर. टर्कीची साद घालणारी वाद्यं आणि रानात मिसळून जाणारे कपडे विकणाऱ्या कंपन्यांनी व्हिडिओ कॅसेटी काढल्या. कॅसेटवर आवाजही होता, त्यामुळे घरबसल्या नराची साद ऐकून शिकता येऊ लागलं. अडचण एकच: चित्रण करायला दुसरा माणूस लागे. टर्कीसमोर एक माणूस दगडासारखा बसणं कठीण, तिथे दोघे म्हणजे दुप्पट धोका.

तो दुसरा माणूस काढून टाकला एका लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणाने. निक वूडमनने २००२ साली सुरू केलेल्या कंपनीचा पहिला गोप्रो २००४ मध्ये आला. तो मनगटाला बांधायचा, साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा कॅमेरा होता. २००६ च्या डिजिटल मॉडेलवर जेमतेम दहा सेकंदांचं चित्रण होई. २००९ मध्ये एचडी आवृत्ती आली. यूट्यूब २००५ पासून होतंच. टर्कीचा इथे कोणाच्या मनात विचारही नव्हता, पण एकट्याने रानात जाणाऱ्यांना हवं ते मिळालं.

मात्र लाटेसाठी घडवलेलं भिंग रानात अडचणीचं ठरलं. स्वार लाटेसकट मावावा म्हणून ते रुंद केलेलं. तीस यार्डांवरचा पिसारा त्यात ठिपका होऊन बसतो. म्हणून अनुभवी मंडळी दृश्यकोन अरुंद ठेवतात, बटणाचा बीप बंद करतात, लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवतात, माइकवर वाऱ्यासाठी स्पंज लावतात. पहाटेच्या गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी खिशात ऊबेला. पुष्कळजण दोन कॅमेरे वापरतात: एक बंदुकीवर, एक स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवलेला. मला तो दुसरा जास्त मोलाचा वाटतो. थांबलेला श्वास आणि घाईत हललेला हात त्यातच दिसतो. आपलं कुठे चुकलं हे शिकाऱ्याला इतकं स्पष्ट पूर्वी कधी कळलं नव्हतं.

याची एक बाजू मला खटकते. टर्कीच्या पिसाऱ्याचा पंखा हातात धरून त्याच्याआड लपत नराच्या दिशेने सरपटत जायचं, म्हणजे तो प्रतिस्पर्धी समजून स्वतःच अंगावर येतो, ही पद्धत अशाच चित्रणांतून दूरवर पोचली. पडद्यावर ती थरारक दिसते. पण हलणारा पिसारा पाहून दुसऱ्या शिकाऱ्याने बार टाकला तर आड माणूस असतो, आणि वाट बघण्याची सारी कला त्यात बाजूला पडते. काही राज्यांनी सार्वजनिक शिकारक्षेत्रांत तिच्यावर बंदी घातली आहे. दरम्यान आग्नेयेकडच्या राज्यांत टर्कीची संख्या पुन्हा घटू लागली. टेनेसीने २०२३ पासून वसंताचा हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला आणि एका शिकाऱ्यामागे तीनऐवजी दोनच नरांची मुभा ठेवली.